वजा केलेला हात

दादाच्या जुन्या कीबोर्डात काहीही बिघाड नव्हता, हे धाकटीला पहिल्याच रविवारी कळलं होतं. तिच्या वहीत ते तिच्याच अक्षरात लिहिलेलं आहे, तारखेसकट. त्यामुळे माहीत नव्हतं असं तिला पुढे कुणालाच सांगता आलं नाही.

धाकटी वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. दुकानांतले, औषधांच्या कारखान्यांतले काटे तिच्या टेबलावर यायचे. ती त्यांवर चिमट्याने प्रमाणित वजनं ठेवायची आणि कुठला काटा किती खोटं बोलतो ते कागदावर मांडायची. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन तिला दोन वर्षं झाली होती आणि मोजता येत नाही अशी गोष्ट अजून भेटायची होती. दादा तिला काटेबाई म्हणायचा.

दादा तिच्याहून अकरा वर्षांनी मोठा, घरच्या घरी संगीत करणारा. मागच्या खोलीत एक टेबल, कॉम्प्युटर, दोन स्पीकर, भिंतींना जुन्या गाद्यांचा फोम ठोकलेला, आणि टेबलावर कीबोर्ड. या कीबोर्डाला कंट्रोलर म्हणतात, कारण तो स्वतः आवाज काढत नाही. कुठली पट्टी दाबली आणि किती जोरात, एवढंच तो कॉम्प्युटरला कळवतो. जोराचा आकडा एक ते एकशे सत्तावीस. पुढे त्यातून बासरी काढायची की व्हायोलिन, ते कॉम्प्युटरचं काम.

दादाच्या जोडीला एक जुना मित्र होता. दादाने पहिल्या दिवशी "हा माझा भिडू" अशी ओळख करून दिली, तेव्हापासून तो सगळ्या घराचाच भिडू झाला. दादा वाजवायचा आणि भिडू ते झाडूनपुसून गिऱ्हाइकाला पोचवायचा. फोनवर ताटकळत ठेवतात तेव्हा मागे जे वाजतं, लिफ्टमध्ये जे वाजतं, ते दोघं बारा वर्षं करत आले होते. "आपलं संगीत लोक फक्त नाइलाजाने ऐकतात," भिडू म्हणायचा. "तेवढा हक्काचा श्रोता भल्याभल्यांना मिळत नाही."

मग त्यांना एकदाचं खरं काम मिळालं. प्राण्यांवरची आठ भागांची मालिका, आणि शेवटी पडद्यावर दोघांची नावं. मालिकेच्या दिग्दर्शिकाबाईंना दादाचा डावा हात आवडला होता. उजवा हात वर सूर वाजवत असताना डाव्याने तो खाली जी चाल धरायचा ती. किंचित मागे रेंगाळणारी, दमलेलं जनावर घरी परतावं तशी. "हे मशीनवर करू नका," बाईंनी बजावलं होतं. "मशीनवरचं मला कुठेही मिळतं."

आणि नेमकी तीच चाल बिघडायला लागली. खालचे सूर मधूनच पुसट यायचे, एखादा यायचाच नाही. दादा कीबोर्डावर चिडायचा. "दहा वर्षांचा झाला, स्प्रिंगा मेल्या त्याच्या. डाव्या बाजूचे सूर गिळतो साला. नवीन घ्यायचा आणि या वेळी नीट बघून घ्यायचा. काटेबाई, हे तुझं काम."

तिला आनंद झाला. लहानपणापासून दादाने तिला त्या खोलीत फक्त वायरी धरायला बोलावलं होतं.

पहिल्या रविवारी ती प्रयोगशाळेतली जुनी, बाद केलेली वजनं पिशवीत घालून आली. पुठ्ठ्याची एक नळी तिने प्रत्येक पट्टीवर उभी धरली आणि तिच्यातून पन्नास ग्रॅमचं वजन एकाच उंचीवरून सोडलं. एकेका पट्टीवर दहा वेळा. ठक, ठक, ठक. वहिनी बाजूच्या खोलीत शिलाईच्या मशीनवर लोकांच्या पँटी आखूड करत बसली होती. तिथून म्हणाली, "वन्सं, कीबोर्ड तपासताय की खिळे ठोकताय?"

आकडे एकसारखे आले. डावीकडचे, उजवीकडचे, मधले. फरक एक किंवा दोनचा. धाकटीने वहीत लिहिलं: जुना, निर्दोष. आणि दादाला सांगितलं.

"मग मी काय खोटं बोलतोय?" दादा म्हणाला. "वरून गोट्या टाकून काय कळतं? हाताला कळतं ते."

त्यावर तिने वही मिटली. तिला प्रश्न विचारला होता तो नवा कुठला घ्यावा हा. जुन्याचं काय झालं, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. प्रयोगशाळेतही तसंच असायचं. काटा तपासायला आला की काटा तपासायचा, दुकानदाराला उपदेश करायचा नाही.

वाद्यांचा दुकानदार दादाचा जुना ओळखीचा. दुकानात ठेवलेले तीन कंट्रोलर तो आळीपाळीने एकेक आठवडा घरी द्यायला तयार झाला. "लोक चप्पलसुद्धा दोन पावलं चालून घेतात," तो म्हणाला, "तुम्ही तीन महिने चालणार म्हणताय." मग दादाच्या पाठीवर थाप मारून हसला. "नाचता येईना, अंगण वाकडं असं तर नाही ना रे?" दादाही हसला. पण परतीच्या वाटेवर तो झपझप पुढे निघून गेला.

धाकटीने तीन कंट्रोलरना अ, ब, क अशी नावं दिली. अ हलका, पट्ट्या प्लास्टिकच्या आणि पातळ. ब जड, पियानोसारखा. क मधला. दादाने एका रविवारी अ वाजवायचा, पुढच्या रविवारी ब, मग क; अशा चार फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत क्रम वेगळा. नाहीतर हाताला सवय लागते आणि शेवटचा तो चांगला वाटतो. बारा रविवार. वाजवायचं मात्र दर वेळी तेच, मालिकेच्या सुरुवातीची दोन मिनिटं, वीस वेळा. कॉम्प्युटर प्रत्येक सुराचा जोर टिपून ठेवायचा आणि धाकटी ते आकडे आपल्या तक्त्यात घ्यायची.

"एवढ्यात माणसं नवीन वाद्य शिकतात," भिडू म्हणाला. त्याच्या डोक्यावर मुदत होती. पहिले दोन भाग त्याने दादाकडून जुन्या कीबोर्डावरच वाजवून घेऊन पाठवले होते आणि बाईंना ते आवडलेही होते.

तक्ता करताना धाकटीसमोर एक अडचण आली. तिला तीन कंट्रोलरमधला फरक हवा होता, पण आकड्यांत दादाही मिसळलेला होता. कुठला सूर कुठल्या बोटाने वाजतो ते ठरलेलं होतं, आणि त्याची बोटं सारखी नव्हती. उजव्या हाताचं अंगठीचं बोट अठ्ठ्याहत्तरच्या आसपास, करंगळी चौऱ्याहत्तर. डाव्या हाताची तीच दोन बोटं बावन्न आणि एक्केचाळीस. तिने वाचून काढलं: अंगठीचं बोट आणि करंगळी सगळ्यांचीच कच्ची असतात, उजव्या हाताने सगळं करणाऱ्याचा डावा हातही कच्चाच. म्हणजे हा वाजवणाऱ्याचा दोष, वाद्याचा नव्हे. अशा दोषाचं काय करायचं हे तिला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. तो मोजायचा आणि वजा करायचा. रिकाम्या भांड्याचं वजन वजा करतात तसं.

तिने प्रत्येक बोटासाठी एक कॉलम केला. दर रविवारी त्या बोटाची त्या दिवशीची सरासरी काढायची आणि सगळ्या आकड्यांतून वजा करायची. मग जे उरेल ते शुद्ध वाद्य. कॉलम दहा झाले, पडद्यावर मावेनात. तेव्हा तिने ते लपवले. तक्ता सुटसुटीत दिसायला लागला.

सहाव्या रविवारी वहिनी चहाचे कप घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. दादा अंघोळीला गेला होता.

"तुझ्या दादाला शर्टाचं बटण लावता येत नाहीये," ती म्हणाली. "गेले कितीतरी दिवस. मला वाटलं काजंच घट्ट झालीत, म्हणून मी उसवून मोठी केली. तरी नाही. कालपासून टी-शर्ट घालतोय."

"दमला असेल. दिवसभर वाजवतो."

"दमलेला माणूस दोन्ही हातांनी दमतो. याचा एकच हात दमतो, डावा. चहाची कपबशी दिली की बशी वाकडी होते."

"किती वेळा झालं असं? तू काही लिहून ठेवलंयस का?"

वहिनीने तिच्याकडे बघितलं. "मी बटणं लावते, बाई. नोंदवही नाही ठेवत."

"तसं नाही गं. एकदोनदा झालं म्हणजे काही सांगता येत नाही, एवढंच म्हणतेय."

"बरं," म्हणून वहिनी कप ठेवून गेली. दादालाही तिने दोनतीनदा डॉक्टरचं सुचवलं होतं. त्याने तिला काम संपू दे म्हणून परतवलं होतं. बटणाचा विषय त्या घरात मग निघाला नाही.

बाराव्या रविवारी निकाल लागला. क. तीन कंट्रोलरमध्ये तो सगळ्यात एकसारखा होता, हलकं वाजवलं तर हलकं आणि जोरात तर जोरात, कुठे धक्का नाही. धाकटीने चार पानांचा अहवाल केला आणि दादाला दिला. दादाने शेवटची ओळ वाचली, म्हणाला, "वा, काटेबाई," आणि तिला ते दोन शब्द आठवडाभर पुरले.

नवा क घरी आला त्या दिवशी भिडूही आला होता. तिसरा भाग अडकून पडला होता. दादाने खोकं उघडलं, वायर लावली, खुर्ची पुढे घेतली आणि वाजवायला लागला. उजवा हात सुरेख चालला होता. डावीकडून चाल उचलली गेली, दोन मात्रा चालली आणि तिसरीला सूरच आला नाही. दादाने परत सुरू केलं. परत तेच. तिसऱ्यांदा करंगळी पट्टीवर नुसती ठेवल्यासारखी राहिली.

"हापण गिळतोय," दादा म्हणाला.

"शक्यच नाही," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढला. "बारा आठवडे तपासलाय मी. थांब, दाखवते."

तिने लॅपटॉप उघडला. दोष कंट्रोलरचा नाही हे दाखवायचं तर बोटांचे आकडे दाखवायला हवेत, म्हणून तिने लपवलेले कॉलम उघडले. डावी करंगळी. पहिल्या रविवारी एक्केचाळीस. मग एकोणचाळीस, अडतीस, पस्तीस. अ असो, ब असो, क असो. चौतीस, एकतीस. खाली जाताना तिचं बोट स्क्रीनवरून सरकत होतं आणि शेवटच्या ओळीवर थांबलं. एकोणीस. बाजूच्या कॉलममध्ये अंगठीचं बोट, बावन्नवरून अठ्ठावीस. उजव्या हाताचे आकडे बारा आठवडे जिथल्या तिथे.

तिने दर रविवारी ती घसरण मोजली होती आणि दर रविवारी ती स्वतःच्या हाताने वजा करून टाकली होती.

 मग भिडू हळूच म्हणाला, "मला वाटलं तुझं तुला माहीत असेल."

"काय माहीत असेल?" दादाने विचारलं.

"डावीकडचे सूर कमी येतात ते. मी गेले सहा महिने त्यांचा जोर वर चढवून घेतोय. माउसने एकेक. जो नाही आला तो नवा टाकतो. पहिले दोन भाग तसेच गेलेत."

"बाईंना आवडले ते?"

"हो."

दादा खुर्चीत मागे टेकला. "म्हणजे त्यांना तुझा माउस आवडला."

"अरे, तुला वाईट वाटेल म्हणून नाही बोललो. माणसाचे दिवस असतात एखादे वाईट."

"सहा महिने?" वहिनी दारात येऊन उभी होती. तिच्या गळ्यात मोजपट्टी होती. "एकाने सहा महिने झाकलं, एकीने तीन महिने मोजलं. आणि मी सांगितलं तर माझ्याकडे वही नव्हती."

धाकटी दादाला दवाखान्यात घेऊन गेली. तिथे डॉक्टरांनी कुठलंही यंत्र लावायच्या आधी टेबलावरच्या पॅडमधला एक कागद फाडला. "अंगठा आणि पहिलं बोट यांत हा घट्ट धरा," म्हणाले आणि कागद ओढला. उजव्या हातातला फाटला. डाव्या हातातला अलगद निसटून आला. दोन सेकंद लागले असतील. मग त्यांनी दादाचा डावा पंजा उपडा केला आणि अंगठ्याशेजारचा खळगा दाखवला. तिथलं मांस आटलं होतं.

"कोपराची नस दबलीये," ते म्हणाले. "तुम्ही कोपर टेकवून बसता का कुठे? टेबलाच्या कडेवर वगैरे?"

दादाने हात उचलला आणि हनुवटीखाली घेतला. गाणं परत परत ऐकताना तो तासन्‌तास तसा बसायचा. डॉक्टरांनी मान हलवली.

नंतर विजेचे झटके देऊन नसेतून संदेश जाण्याचा वेग मोजला. मीटर प्रति सेकंदात आकडे आले. धाकटीने ते वाचले आणि तिला ते कळले, हेच वाईट झालं. ऑपरेशन करून नस मोकळी करता येईल, डॉक्टर म्हणाले, म्हणजे यापुढे बिघडणार नाही. गेलेलं किती परत येईल ते सांगता येत नाही. फारसं येत नाही.

"आधी आलो असतो तर?" दादाने विचारलं.

"तीन महिन्यांपूर्वी खळगा नसेल पडला," डॉक्टर म्हणाले. त्यांना कुणाला काही लावून बोलायचं नव्हतं. ते विचारल्याचं उत्तर देत होते.

भिडूने दिग्दर्शिकाबाईंना फोन केला. खरं काय ते सांगितलं, पहिल्या दोन भागांसकट. बाईंनी हळहळ व्यक्त केली, दादाच्या तब्येतीची चौकशी केली आणि डाव्या हाताने चांगलं वाजवणारं दुसरं कुणी माहितीत आहे का, असं विचारलं. भिडूने दोन दिवस वेळ मागून घेतला आणि तिसऱ्या दिवशी एक नाव दिलं. राहिलेले सहा भाग तो त्या माणसाबरोबर करतो आहे. हे सांगायला तो स्वतः आला होता, बूट न काढता दारात उभ्या उभ्या. "मी नाही म्हटलं असतं तर दोघंही गेलो असतो रे," तो म्हणाला. दादा म्हणाला, "बरोबर आहे." वहिनीने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी, रविवारी, दादाने धाकटीला फोन करून बोलावलं. ती आली तेव्हा तो मागच्या खोलीत बसलेला होता. डावं कोपर पट्टीत, हात मांडीवर. अहवालाची चार पानं टेबलावर होती.

"तुला जुना ठीक आहे हे कधी कळलं होतं?" त्याने विचारलं.

तिने तारीख सांगितली. थोडं इकडेतिकडे करून सांगता आलं असतं, पण ते तिच्या मनातही आलं नाही.

"आणि कागद निसटला ती तारीख?"

तिने तीही सांगितली.

"सत्त्याण्णव दिवस," दादा म्हणाला. तो हिशोबात कधीच चांगला नव्हता. हे त्याने आधीच करून ठेवलेलं असणार. "पण तुझी निवड चुकलेली नाही हां. सगळे पुन्हा वाजवून बघितले मी, उजव्या हाताने. दुकानात जाऊन. क-च सगळ्यात चांगला आहे. एकदम बरोबर."

"दादा—"

"बस इथे." त्याने दुसरी खुर्ची पायाने डावीकडे सरकवली. "खालची चाल तू वाजव."

"मला वाजवता येत नाही."

"माहितीये. चारच पट्ट्या आहेत. ही, ही, ही आणि परत ही. मोज."

त्याने उजव्या हाताने सूर धरला. ती मोजून चार पट्ट्या दाबत गेली. एकही चुकली नाही, एकही मागेपुढे झाली नाही. त्याने मध्येच हात उचलला.

"घड्याळ वाजतंय."

"मग कसं वाजवू? किती मागे ठेवायचं ते सांग. म्हणजे मी तेवढं—"

तो दाखवायला म्हणून डावा हात मांडीवरून उचलायला गेला. हात वर आला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलंच राहिलं. त्याने तो पुन्हा मांडीवर ठेवला.

"ते सांगून येत नाही," तो म्हणाला. "परत."

तिने परत वाजवलं. मग परत. बाजूच्या खोलीतलं शिलाई मशीन मध्ये थांबायचं, ऐकायचं, पुन्हा सुरू व्हायचं. पंधराव्या की सोळाव्या खेपेला तिची नजर कॉम्प्युटरच्या पडद्यावर गेली. रेकॉर्डिंगचं लाल चिन्ह लागलेलंच नव्हतं. सुरुवातीपासून नव्हतं. ते तिच्या ओठांवर आलं, आणि तिने दादाकडे पाहिलं. तो पडद्याकडे बघत नव्हता. त्याला माहीत होतं.

"थांबलीस का?" तो म्हणाला. "परत."